यादीतलं आठवं जनावर

गावाचं नाव सांगत नाही. देवणीहून कर्नाटकाच्या बाजूला निघालं की अर्ध्या तासात लागतं, एवढं पुरे. भामाबाईंना अजून तिथंच राहायचंय आणि मलाही निवृत्तीपर्यंत तिथल्या जनावरांना सुया टोचायच्यात. मी पशुधन पर्यवेक्षक. लोक डॉक्टर म्हणतात आणि तेहतीस वर्षांत मी कुणाची चूक दुरुस्त केलेली नाही. माझं नाव राघवेंद्र, पण ते पगारपत्रकात असतं आणि बायको चिडली की तिच्या तोंडी येतं.

भामाबाईंची ओळख करून द्यायची तर आधी सिद्धेश्वरबद्दल सांगावं लागतं. याचा मला रागच येतो. बाई साधी, कष्टाची, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण तिची गोष्ट सांगताना सुरुवात त्या माणसापासून करावी लागते.

सिद्धेश्वरकडं आधी एक जुना टेम्पो होता. हैदराबादेकडं भाजी न्यायचा. सात-आठ वर्षांत त्याचं दोन मजली घर झालं, दाराशी ग्रॅनाइट आलं, उदगीर रोडला प्लॉट झाले आणि गोठ्यात देवणी जातीची सात जनावरं उभी राहिली. काय जनावरं होती! पाठीवरून हात फिरवावा तर निसटून जावा. माणूस वागायला गोड. कुणाच्या लेकीच्या लग्नाला मंडप दे, कुणाला रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यायला गाडी दे. हे सगळं कुठून येतं, असं गावात कुणी विचारलं नाही. मीही नाही विचारलं. त्याच्या गोठ्यात गेलं की मला लोटीभर ताक मिळायचं आणि खुर्ची पुसून मिळायची. सरकारी माणसाला याहून जास्त काही लागत नाही.

मागे एकदा तो गांजाच्या पुडक्यांसकट सापडला होता. माल थोडा होता, जामीन झाला, आणि परत आला त्या दिवशी पोरांनी वेशीपासून त्याची मिरवणूक काढली. गेल्या नोव्हेंबरात मात्र तो मोठाच अडकला. टेम्पोत सरकी पेंडीची पोती होती आणि पोत्यांखाली गांजा, तोही क्विंटलात. हॉटेलात चर्चा रंगली. एक म्हणाला, आता दहा वर्षं आत. दुसरा म्हणाला, दहा कसली, वीसपर्यंत जाते, अन् आधीची केस शाबीत झाली असती तर दीडपट लागली असती. तिसऱ्यानं चहाचा घोट घेतला आणि म्हणाला, "जाऊ दे की. येतंय सुटून. घर तर उभं हाय."

मग पंधरा दिवसांनी आदेश आला की घरही गोठवलं. घर, प्लॉट, टेम्पो, बँकेतलं खातं, जनावरं, सगळं. विकायचं नाही, हलवायचं नाही, कुणाच्या नावावर करायचं नाही. नुसतं त्याचंच नाही, बायकोच्या नावचं, भावाच्या नावचं, ज्याच्या ज्याच्या नावावर त्यानं ठेवलं असेल त्याचंही. गेल्या सहा वर्षांत जे मिळवलं ते कुठून आलं, हे ज्याचं त्यानं दाखवायचं; नाही दाखवता आलं तर सरकारजमा.  जेल गावानं पाहिलेला होता. दारातलं ग्रॅनाइट मोजून लिहून घेताना गाव पहिल्यांदाच पाहत होतं.

जनावरं ओळखायला पोलिसांनी मला बोलावलं. उपनिरीक्षक पुनम मॅडम, तिशीच्या आसपासच्या, कामाला चोख. हातात मोबाईल आणि त्यात आमच्याच खात्याचं ॲप. प्रत्येक जनावराच्या कानात पिवळा बिल्ला असतो, त्यावर बारा आकडे. ते आकडे टाकले की मालकाचं नाव येतं.

"डॉक्टर, याच्या नावावर आठ जनावरं दिसतात," मॅडम म्हणाल्या. "गोठ्यात सातच आहेत. आठवं कुठंय?"

मी आकडा पाहिला. शेवटचे आकडे ओळखीचे वाटले. चारच दिवसांपूर्वी लस टोचताना पाहिलेले. आणि माझं तोंड माझ्या आधी बोललं.

"भीमनगरात. भामाबाईंकडं एक गाय आहे. अर्धलीनं दिलेली असणार."

अर्धली म्हणजे आमच्याकडची जुनी रीत. ज्याच्याकडं चार पैसे आहेत त्यानं वासरू द्यायचं, नसलेल्यानं ते वाढवायचं, आणि जनावर व्यायला झालं की निम्मं याचं, निम्मं त्याचं. कागद नाही, साक्षीदार नाही, सगळं जिभेवर. सिद्धेश्वरनं दोन-तीन विधवा बायांना अशी वासरं दिली होती. म्हणून मी तसं बोललो. एवढंच.

भामाबाई रामकिशन. वय बासष्टच्या पुढं. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली. स्वतःची जमीन नाही. दुसऱ्याच्या सोयाबीनला, हरभऱ्याला जायचं. अंगानं काटक, बोलणं तोडकं. घर दोन खोल्यांचं, भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, आणि त्यांच्या खाली नवऱ्याचा फोटो जरासा तिरका. तो तिरका का, असं मी एकदा विचारलं होतं. म्हणाल्या, "त्यो तसाच उभा ऱ्हायचा." अंगणात लिंब, लिंबाखाली गाय. अंगावर पांढरीशुभ्र आणि तोंडाच्या दोन्ही बाजू काळ्या. अशीला आमच्याकडं वानेरी म्हणतात. आम्ही गेलो तेव्हा भामाबाईंचा मुलगा रविकांत कडबा तोडत होता.

"मावशी, ही गाय सिद्धेश्वरची ना?" मॅडमनी विचारलं.

"न्हाई. माझी हाय."

"कागद आहे काही?"

"गाईला कसला कागद? हिची माय माझी व्हती. तिची माय माझ्या मालकानं आणल्याली."

मॅडमनी मोबाईल पुढं धरला. बिल्ल्याचा नंबर तोच, मालक सिद्धेश्वर, खाली त्याचाच मोबाईल नंबर. भामाबाईंना वाचता येत नाही. त्यांनी मोबाईलकडं पाहिलंच नाही, माझ्याकडं पाहिलं. मी बिल्ल्याकडं पाहत राहिलो.

मॅडमनी वाईट वागून काही केलं नाही. समजावून सांगितलं, की मावशी, कायदा असा आहे, गाय त्याची नाही हे तुम्ही दाखवायचं. आमचा कागद मुंबईच्या अधिकाऱ्याकडं जाईल, तीस दिवसांत तिथून कायम झाला तर झाला. तोवर गाय इथंच राहील, तुमच्या ताब्यात. विकायची नाही, हलवायची नाही. मग सुपुर्दनाम्यावर भामाबाईंचा अंगठा घेतला. म्हणजे स्वतःचीच गाय सांभाळायला मिळाल्याची पोच बाईनं सरकारला दिली.

रविकांत सगळा वेळ दावं हातात धरून उभा होता. "आये, नेणारेत का हिला?"

"न्हाई. लिवून घेतलंय नुसतं."

"मंग दावं सोडू?"

"नको सोडू," भामाबाई म्हणाल्या.

या रविकांतबद्दल सांगायला हवं, नाहीतर गाय म्हणजे नुसती गाय वाटेल. तो एकतीस वर्षांचा. आयटीआय केलेला, वायरिंगच्या कामाला लातूरला गेलेला, हात चांगला असलेला. चार वर्षांपूर्वी गावात परत आला आणि दुसराच होऊन गेला. गांजा. आधी पोरांबरोबर, मग एकटा, मग दिवसभर. भिंतीतून कुणी हाका मारतंय म्हणायचा. माय पैसे देत नाही म्हणून एकदा तिच्या अंगावरही गेला. भामाबाईंनी त्याला लातूरच्या सरकारी दवाखान्यात नेलं, एकटीनं, एसटीनं. दोन महिन्यांनी घरी आला तो गोळ्यांनी सुस्त, भिंतीकडं तोंड करून पडलेला. तसा तीन-चार महिने.

मग एक दिवस भामाबाईंना ताप भरला. उठवेना. गाय सकाळपासून हंबरत होती आणि दहा वाजेपर्यंत कुणी फिरकलं नाही. शेवटी रविकांत उठला, कडबा तोडला, पाणी दाखवलं. दुसऱ्या दिवशीही उठला. तेव्हापासून रोज पाचला उठतो. शेण काढतो, गाय धुतो, धार काढतो, दूध डेअरीला घालून येतो. गोळ्या दिल्या की घेतो. लातूरच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीत गाय लिहिलेली नाही, पण मला माझ्या धंद्याचं थोडंफार कळतं. तो माणूस त्या जनावराला बांधलेला आहे, जनावर त्याला नाही. गाय गेली तर तो उद्या पाचला कशासाठी उठेल? भामाबाईंना तीच धास्ती होती. तिनं ती बोलून दाखवली नाही, पण मी काही दगड नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो. खरं तर सांगायला गेलो होतो, की अर्धलीचं जनावर असेल तर तसं सांगा, निदान निम्म्याचा हक्क मागता येईल.

"अर्धलीचं न्हाई म्हन्ते ना," भामाबाई म्हणाल्या. मग जरा थांबून, "इसरले का डाक्टर? हिचे मागचे पाय आधी आले व्हते. तुमीच वढून काढली. याच लिंबाखाली. दोन तास लागले."

मला एकदम आठवलं. कंधारला बदली होऊन मी चार वर्षं तिकडं होतो, त्याच्या आधीची गोष्ट. उलटं वासरू, कोपरापर्यंत आत गेलेला माझा हात, रामकिशन गेल्यावरचं तिसरं-चौथं वर्ष, आणि ही बाई गायीच्या डोक्याशी बसून तिला काहीबाही सांगत होती. मी विसरलो होतो. बावीस गावं, हजारो जनावरं, विसरणारच. पण ती विसरली नव्हती.

मग बिल्ल्यावर त्याचं नाव कसं? तेही तिनंच सांगितलं, कसलाही आवाज न चढवता. लम्पीच्या साथीत शाळेच्या मैदानात लसीकरण झालं होतं. दिवसाला दीडशे जनावरं, वरून सारखे फोन, किती झाले, किती झाले. लस, बिल्ला आणि ॲपवर नोंद. ॲपला मोबाईल नंबर लागतो, त्यावर चार-सहा आकडे येतात, ते सांगितल्याशिवाय पुढं सरकत नाही. भामाबाईंकडं मोबाईल नव्हता.

"तुमी म्हन्ले, नंबर बोला. म्या म्हन्लं, माझा न्हाई. तर तुमी वरडले, मंग कुणाचा तरी द्या."

बाजूला सिद्धेश्वर त्याची जनावरं घेऊन उभा होता. म्हणाला, काकू, माझा सांगा. मी नंबर टाकला, ॲपनं त्या नंबरावरचं नाव आपोआप भरलं, मी खालचं बटण दाबलं. पुढचं जनावर.

मला ते ओरडणं आठवत नाही, पण माझंच आहे ते. रोज कुठंतरी तसं ओरडतो मी.

"चूक माझी आहे," मी म्हणालो.

"नंबर तर म्याच दिला की," ती म्हणाली.

मी माझ्या दवाखान्यात आलो आणि माळ्यावरच्या जुन्या नोंदवह्या काढल्या. आता सगळं मोबाईलवर असतं. त्या रद्दीत घालायचा तोंडी हुकूम दोनदा झाला होता आणि मी आळसानं घातल्या नव्हत्या. माझ्या आळसानं कुणाचं भलं झाल्याचं हे एकच उदाहरण. वाळवीनं कडा खाल्ल्या होत्या, पण पान सापडलं. सन दोन हजार सतरा. माझ्याच अक्षरात: भामाबाई रामकिशन, वानेरी गाय, तिसरं वेत. वासरू उलटं. मादी. वानेरी. उजव्या कानाला जन्मखूण, दुमड. दोन्ही सुखरूप.

पान हातात घेऊन मी बसलो. आणि काय विचार केला, तर स्वतःचा. निवृत्तीला चौदा महिने. हे पान द्यायचं म्हणजे ॲपवरची नोंद खोटी होती असं लिहून द्यायचं, तेही गांजाच्या प्रकरणात. उद्या कुणी म्हणेल, या डॉक्टरनं सिद्धेश्वरची आणखी किती जनावरं अशी इकडं-तिकडं लिहिली? त्याच्या गोठ्यात खुर्ची पुसून मिळत होती हे गावाला ठाऊक होतं.

म्हणून संध्याकाळी मी परत भीमनगरात गेलो आणि भामाबाईंना एक शहाणपणाचा सल्ला दिला. आता लिहितानाही लाज वाटते. म्हणालो, "भामाबाई, गाय तर तुमच्याच दारात राहणार. अशा केसी दहा-दहा वर्षं चालतात. कागदावर कुणाचंही नाव असू द्या, दूध तुमच्याच चुलीवर तापणार. कशाला वाढवायचं?"

रविकांत तेव्हा गायीला पाणी दाखवत होता. भामाबाईंनी त्याच्याकडं पाहिलं आणि हळू आवाजात बोलल्या, त्याला ऐकू जाऊ नये म्हणून.

"डाक्टर, माझ्या लेकाला त्या माणसाकडच्या पोरांनी बसस्टँडवर पुड्या दिल्या. उधार दिल्या. त्याच्या नावाची गाय माझ्या दारात? ती रोज ह्येनंच धुवायची?"

मी उठायला लागलो.

"अजून एक सांगते," ती म्हणाली. "या मागं."

घरामागच्या छपरात एक कालवड बांधलेली होती. अंगावर काळे ठिपके, शेवरी. तीन वर्षांची, सात महिन्यांची गाभण. मीच कृत्रिम रेतनानं भरवली होती तिला. तिच्या कानात बिल्ला नव्हता, कारण त्या मैदानातल्या दिवशी ती जन्मलीच नव्हती, आणि पुढं राहून गेलं. भामाबाईंचीच असणार असं धरून मी चाललो होतो.

"ही त्याची हाय," भामाबाई म्हणाल्या. "रव्या दवाखान्यातून आला तवा त्यानंच आणून बांधली. म्हन्ला, काकू, पोराला उद्योग व्हईल, सांभाळा, निम्मं तुमचं. तवा मला ठावं नव्हतं पुड्या कुणाच्या ते. नंतर कळलं."

"मग परत का नाही केली?"

तिनं पदरानं कालवडीच्या डोळ्याजवळचं चिपाड पुसलं. "गाभण ऱ्हायली व्हती. लालूच सुटली न्हाई, दुसरं काय."

मला या बाईबद्दल फार आदर आहे आणि तो त्या वाक्यापासून आहे. कुणी विचारलेलं नव्हतं. यादीत ती कालवड नव्हती, पोलिसांना पत्ता नव्हता, सिद्धेश्वर आत होता आणि त्याच्या बायकोला स्वतःच्याच दारात पाऊल टाकायची चोरी झाली होती. गप्प बसली असती तर अडीच महिन्यांनी तिच्याकडं वासरासकट देवणी गाय असती, अख्खी, निम्मी नाही.

"उद्या घेऊन जाते देवणीच्या ठाण्यात," ती म्हणाली. "जी त्याची हाय ती घ्या म्हन्ते, माझी सोडा. तुमच्या वहीचं तुमी बघा. जबरदस्ती न्हाई."

दुसऱ्या दिवशी मी स्कूटरला किक मारली तेव्हा नोंदवही डिकीत होती. बायकोला फक्त एवढं सांगितलं, की कदाचित एखादी वेतनवाढ जाईल. ती म्हणाली, "मागच्या वाढीत काय सोनं केलं होतं?" आमच्याकडं धीर असाच देतात.

रस्त्यात ती दोघं दिसली. पुढं रविकांत कासरा धरून, मागं भामाबाई. नऊ किलोमीटर चालत, कारण गाभण जनावर टेम्पोत चढवायचं नाही असं रविकांतनं ठरवलेलं. मध्ये दोनदा सावलीला थांबून त्यानं कालवडीला पाणी पाजलं. ही परत येणार नाही हे त्याला सांगितलेलं होतं. त्यानं आईला एकच विचारलं होतं, "तिला काय ठावं, कुणाची हाय ते?"  

ठाण्याच्या आवारात कालवड बघून शिपाई गोंधळला; त्याला वाटलं हरवलेलं जनावर आणलं. पुनम मॅडम बाहेर आल्या. भामाबाईंनी सगळं सांगितलं, लालूच सुटली नाही हेही. मॅडमनी लिहून घेता घेता पेन थांबवलं.

"मावशी, तुमच्या रिवाजानं यात निम्मी तुमची. तेवढं मागणार का?"

"न्हाई."

"अडीच वर्षं सांभाळलीत."

"सांभाळली ती माझ्या लेकानं. त्याला त्याची मजुरी मिळाली," भामाबाई म्हणाल्या आणि रविकांतकडं बोट केलं. "बगा की, चालत आलाय."

मॅडमनी वर पाहिलं. रविकांत कालवडीच्या खुरातला खडा काढत होता.

मग मी वही ठेवली आणि म्हणालो, कानाची ही दुमड त्या गायीला आजही आहे. मॅडमनी पान पाहिलं, मागचं पान पाहिलं, पुढचं पाहिलं, वाळवीची भोकं एकाखाली एक येतात का तेही पाहिलं. म्हणाल्या, "हे आज लिहिलेलं नाही एवढं कळतंय. पण मग ॲपवर त्याचं नाव कसं?"

मी सांगितलं. मैदान, दीडशे जनावरं, कुणाचा तरी द्या. त्यांनी तेच शब्द जबाबात घेतले आणि मला वाचून दाखवले. स्वतःचं ओरडणं असं सरकारी अक्षरात ऐकलं की कसंसंच होतं. मी सही केली.

"तुमच्यावर येईल हे," मॅडम म्हणाल्या.

"माझंच आहे ते."

"खरं सांगू? नुसती वही आणली असती तर मी दहा शंका काढल्या असत्या. पण जी बाई न विचारलेलं आणून देते, तिला विचारलेल्याबद्दल खोटं बोलायची गरज नाही. रिपोर्टात मी हे लिहिणार."

कालवड ठाण्याच्या आवारात बांधली. रविकांतनं गाठ स्वतः मारली, शिपायाला ती कशी सोडायची ते दाखवलं आणि सांगितलं, की ती डाव्या बाजूनं हात लावू देत नाही. परत निघाला तेव्हा रिकामा कासरा त्यानं खांद्यावर टाकला होता.  त्या आठवड्यात भामाबाईंचा जीव थाऱ्यावर नव्हता. पाच वाजले की दाराकडं बघत बसायच्या. तो रोज उठला. वानेरी होती ना.

तीस दिवसांच्या आत आदेश आला. घर, प्लॉट, टेम्पो, खातं, सात जनावरं आणि नव्यानं धरलेली शेवरी कालवड, सगळं गोठवलेलंच राहिलं. आठव्या क्रमांकाची गाय वगळली. कालवड बाकीच्यांबरोबर गोशाळेत गेली आणि तिथं व्यायली असं कळलं. मी जाऊन पाहून आलो. गोऱ्हा आहे, दोन्ही सुखरूप. मला आमच्या कार्यालयाची नोटीस आली, मी उत्तर दिलं, एक वेतनवाढ थांबली. गावात काहींनी मला वेड्यात काढलं, काहींनी भामाबाईंना. सिद्धेश्वरच्या उपकाराखाली असलेले दोघं-चौघं तिच्याशी बोलेनासे झाले. तिलाही फार बोलायची हौस नव्हतीच.

राहिलं होतं ते ॲपवरचं नाव. ते दुरुस्त करायची परवानगी यायला आणखी महिना गेला. मार्चच्या सुरुवातीला मी सकाळीच भीमनगरात गेलो. गाय लिंबाखाली, रविकांत तिच्या पाठीवर पाणी ओतत होता. मी बाजेवर बसलो, ॲप उघडलं आणि या वेळी सावकाश विचारलं.

"भामाबाई, नंबर?"

"रव्या, सांग तुझा नंबर."

रविकांतनं खिशातून साधा, बटणांचा मोबाईल काढला. नवा होता. दवाखान्यातून आल्यापासून माईनं त्याच्या हातात फोन दिला नव्हता. फोन आला की पोरांचे फोन येतात हे तिला माहीत होतं. आता तिनंच घेऊन दिला होता.

"नंबर त्याचा चालेल," मी म्हणालो, "नाव तुमचं टाकतो."

"न्हाई. नाव बी त्याचंच लिवा. गाय रव्याच्या नावावर करा."

माझा पारा चढला. मी म्हणालो, "अहो भामाबाई, एवढं सगळं कशासाठी केलं? तुमच्या गायीवर दुसऱ्याचं नाव नको म्हणून ना? माझी वेतनवाढ गेली त्यात! आणि आता, हा इथं उभाय म्हणून स्पष्ट बोलतो, उद्या यानं गाय विकून टाकली तर?"

रविकांतनं बादली खाली ठेवली. मान खाली घातली. मला लगेच वाईट वाटलं, पण बोललेलं परत घेता येत नाही.

"इकली तर इकली," भामाबाई म्हणाल्या. "डाक्टर, त्या सिद्धेश्वरला बेड्या घातल्या तवा त्यो हसत व्हता म्हणत्यात. घर-जनावरं लिवून घेतल्याचं कळलं तवा जेलात भिताडाला टेकून रडला. माणूस आपल्या नावावरच्या वस्तूला लई धरून ऱ्हातो. सरकारला ह्ये कळलं, मला कामून कळू नये? माझ्या लेकाच्या नावावर दवाखान्याच्या कागदाबिगर आजपातूर काय बी न्हाई."

मी ॲपकडं वळलो. नंबर टाकला. रविकांतच्या हातातला मोबाईल वाजला. त्यानं आलेले आकडे वाचले, एकेक, थांबून थांबून, आणि मी ते तसेच भरले. नावाच्या रकान्यात लिहिलं: रविकांत रामकिशन. मोबाईल त्याच्याकडं वळवून धरला.

त्यानं नाव वाचलं. ओले हात शर्टाला पुसले, गायीजवळ गेला, तिचा कान हळूच पालथा केला आणि बिल्ल्यावरचे आकडे माझ्या मोबाईलमधल्या आकड्यांशी एकेक करून ताडून पाहिले, बाराच्या बारा.

"बरोबर हाय," तो म्हणाला, आणि बादली उचलून राहिलेली गाय धुवायला लागला.